सलामी आणि शेकन

माझे बाबा दाढी करताना एक चाल गुणगुणतात. गालाला फेस लावून झाला की तर्जनीनं बेसिनच्या कडेवर तीनदा टकटक करतात आणि मग नाकातून सुरू होतात, "पं पंपं, पं पंपं." मध्येच थांबतात. चार वेळा टकटक. पुन्हा "पं पंपं." चाल म्हणावी तर तिला शेंडा ना बुडखा. फारशी चढत नाही, फारशी उतरत नाही, आपली एका पातळीत चालत राहते. बाबांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली, त्यामुळे ती टकटक नोकरीची खोड असणार, असं आम्ही भावंडं धरून चाललो होतो.

त्या चालीला आमच्या घरात नाव होतं, शेकन. "बाबांचं शेकन संपलं का बघ, चहा गार होतोय," असं आई म्हणायची. शेकन म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की हे आमच्या गावच्या जुन्या संस्थानाचं राजगीत, आणि बाबांचे वडील संस्थानाच्या बँडमध्ये ते कॉर्नेटवर वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका भाऊ. बाबा वडिलांना दादा म्हणत. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण मीही दादाच म्हणते.

दादांनी बाबांना सांगितलेली आणि बाबांनी आम्हाला शंभरदा ऐकवलेली हकिगत अशी. आमचं संस्थान एवढंसं होतं. सकाळी घोड्यावर निघालं तर दुपारच्या जेवणाला दुसऱ्याच्या हद्दीत. तरी सरकारांना मान मोठा. एकदा ते मुंबईला कुठल्याशा समारंभाला गेले. तिथे एकेक संस्थानिक आत आला की बँड त्याचं राजगीत वाजवी. आमच्या सरकारांचं राजगीतच नव्हतं, म्हणून बँडवाल्यांनी शेजारच्या संस्थानाचं वाजवून दिलं. आणि त्या शेजाऱ्याशी सरकारांचं नदीच्या पाण्यावरून तीन पिढ्यांचं भांडण! सरकार परत आले ते गोव्याचा एक बँडमास्टर बरोबर घेऊनच.

बँडमास्टरनं आधी संस्थानाच्या शाळेत मुलं मागितली. पालक नाही म्हणाले. एकानं तोंड लावलेलं वाद्य दुसऱ्यानं फुंकायचं, म्हणजे उष्टंच की. मग तो वेशीबाहेर आमच्या वस्तीत आला. तिथे वाजवणारे होतेच, आणि उष्ट्याचा बाऊ करण्याची चैन कुणाला परवडत नव्हती. त्यानं एका घराच्या भिंतीवर कोळशानं पाच आडव्या रेघा ओढल्या, त्यांवर काळे ठिपके बसवले आणि पोरांना शिकवायला लागला. दादांना शाळेत घेतलं नव्हतं. त्यामुळे त्यांना आधी विलायती स्वरलिपी वाचता यायला लागली आणि क-ख-ग नंतर आलं. हे सांगताना बाबांची छाती अजून फुगते.

राजगीत पहिल्यांदा वाजलं ते दसऱ्याला, वाड्याच्या चौकात. मिनिटभरात संपलं. सरकार म्हणाले, "झालं?" बँडमास्टर म्हणाला, "झालं, सरकार." सरकार म्हणाले, "मग परत वाजवा." तेव्हापासून ते कायम दोनदा वाजायचं.

पुढे संस्थान विलीन झालं. वाद्यं आणि लाल डगले वाड्यावर जमा झाले आणि दादा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर वॉचमन झाले. आणखी काही वर्षांनी आमच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला. दादांनी घरातले देव नदीत सोडले. तेव्हा कुणीतरी त्यांना विचारलं, "मग हे राजाचं गाणं तेवढं कशाला ठेवलंस?" दादा म्हणाले, "यात देव पण नाही आणि राजा पण नाही. नुसते स्वर आहेत, आणि ते माझ्या श्वासानं वाजलेत." म्हणून शेकन राहिलं. कॉर्नेट नव्हतंच, त्यामुळे दादा ते तोंडानंच म्हणायचे. बाबा विशीत असताना दादा गेले, आणि शेकन बाबांच्या दाढीच्या आरशासमोर आलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आले. मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला राहते, एका डेटा सेंटरमध्ये कूलिंग सांभाळते. घरी नवरा आणि पंधरा वर्षांची लेक. बाबा चौऱ्याऐंशीचे, तब्येत ठणठणीत, पण दिवसभर करायचं काय? म्हणून मी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्याला घेऊन गेले. दर महिन्याला एका शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये पंधरावीस आजीआजोबा जमतात. चहा असतो, पोहे असतात, आणि गुडघ्यांविषयी बोलायला भरपूर वेळ असतो.

त्या दिवशी बाबांच्या शेजारी एक काका बसले होते. अठ्ठ्याऐंशीचे, सडपातळ, अंगात मुलाचा कॉलेजचा स्वेटशर्ट. त्यांनी रीतसर विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

बाबांनी नाव सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला. "काय सांगता! अहो, मीपण तिथलाच. कुठल्या आळीत?"

मी पलीकडे चहा ओतत होते, माझा हात थांबला. हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. गाव झालं की आळी, आळी झाली की आडनाव. अमेरिकेला येताना त्याचं विमान चुकलंय असं नाही.

बाबा शांतपणे म्हणाले, "आळीत नाही. वेशीबाहेर. बँडवाड्यात."

काका क्षणभर बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या शंकेची लाज वाटली. "बँडवाड्यातले! म्हणजे सलामी वाजवणारे?"

"माझे वडील कॉर्नेट वाजवायचे."

"आणि माझे वडील शाळेत मास्तर! दसऱ्याला आम्ही पोरं चौकात रांगेत उभी राहायचो. तुमचे लोक वाजवायचे आणि आम्ही म्हणायचो. आता ते म्हणणारे किती उरले असतील, सांगा बरं?" एवढं बोलून काका खुर्चीचा दांडा धरून उठले, दोन्ही हात शरीराला चिकटवून ताठ उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाजात सलामी म्हटली. नदी आली, गड आला, चंद्रसूर्य असेपर्यंत सरकार जगोत असं आलं. तिसऱ्या कडव्याचे शब्द विसरले होते, तिथे त्यांनी "ला ला" करून वेळ मारून नेली. चाल अशी होती की पायऱ्या चढत चढत गच्चीवर जावं आणि वरून सगळं गाव दिसावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी मोठ्या आशेनं बाबांकडे पाहिलं.

"छान म्हणता तुम्ही," बाबा म्हणाले, "पण हे ते नव्हे."

"ते नव्हे म्हणजे?"

"म्हणजे आमचं राजगीत नव्हे हे." आणि बाबांनी टेबलावर टकटक करून शेकन ऐकवलं. पं पंपं.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हे मी जन्मात ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "मी सहा वर्षं दर दसऱ्याला म्हटलंय हो!"

"माझ्या वडिलांनी पंधरा वर्षं वाजवलंय."

चहा झाला, पण गप्पा तिथेच संपल्या. परतताना रूट सेव्हनवर गाडी सिग्नलला थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "त्यांना शाळेत भलतंच काहीतरी शिकवलं असेल."

"बाबा, ते तरी कशाला खोटं बोलतील?"

"खोटं बोलतात असं मी म्हणत नाही." मग म्हणाले, "बँड वाड्यात पुढच्या दारानं जायचा, माहितीये? हातात वाद्य असायचं म्हणून. वाजवून झालं की वाद्यं कोठीत ठेवायची आणि मागच्या दारानं बाहेर पडायचं. दादांकडे एवढी एकच गोष्ट उरली होती. ती तरी बरोबर असू दे ना."

सिग्नल हिरवा झाला.

काकांनी मात्र माझ्याकडून बाबांचा नंबर घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. सलामीचं पहिलं कडवं, आणि शेवटी, "आता शांतपणे ऐका आणि सांगा." बाबांनी ऐकलं आणि उत्तरादाखल शेकन पाठवलं, टकटकीसकट. तिसऱ्या दिवशी काकांचा निरोप, "तुम्ही मध्येच थांबता का? दम लागतो का?" त्यावर बाबांनी तेच पुन्हा, दुप्पट आवाजात. दोन आठवडे हे चाललं. सकाळी माझ्या किचनमध्ये एकदा हे आणि एकदा ते अशी दोन राजगीतं वाजायची आणि मी डबे भरायचे. खरं सांगायचं तर बाबांना मजा यायला लागली होती. सहाच्या आधीच उठून फोन हातात घेऊन बसायचे.

माझी लेक हायस्कूलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. थर्ड क्लॅरिनेट. फर्स्ट क्लॅरिनेटवाल्यांना गाण्याची खरी चाल मिळते आणि हिच्या वाट्याला मागची भर येते, यावर तिची वर्षभर कुरकुर चालू होती. एका शनिवारी ती सिरियल खात बसली होती. समोर बाबा काकांना पाठवायला शेकन रेकॉर्ड करत होते. टकटक, पं पंपं, थांबले, चार टकटक. तिचा चमचा हवेतच राहिला.

"आजोबा, व्हाय आर यू काउंटिंग?"

"काय?"

"तुम्ही काउंट करताय. ते टॅप, टॅप, टॅप. दोज आर रेस्ट्स! मला पण असंच करावं लागतं, बाकीचे वाजवतात तेव्हा." मग ती माझ्याकडे वळली. "आई, याला काय म्हणतात तुम्ही? शेकन?"

"हो, शेकन. का?"

"सेकंड!" ती ओरडली. "इट्स सेकंड, आई! सेकंड कॉर्नेट! ही मेलडी नाहीच आहे, हा सेकंड पार्ट आहे!"

बाबांना काही कळेना. तिनं त्यांचा फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि लॅपटॉप आणला. काकांची सलामी वर टाकली, बाबांचं शेकन खाली. काकांचा स्वर उंच होता, तो खाली ओढला. बाबा सावकाश म्हणत, त्यांना थोडं पळवलं. पहिल्या दोन वेळेला नुसता गोंधळ झाला, दोन माणसं एकदम बोलल्यासारखा. मग ती म्हणाली, "वेट, आजोबांचे तीन टॅप्स काकांच्या आधी नाहीत. ते काकांच्या सोबत आहेत." तिनं बाबांची रेघ सरकवली आणि बटण दाबलं.

काका एकटे चढायला लागले. एक, दोन, तीन. आणि तिथे खालून बाबा आले. पं पंपं. जिथे काका एखाद्या स्वरावर लांब थांबत होते, तिथे बाबा त्यांच्याखाली चालत होते. जिथे बाबा थांबून चार टकटक करत, तिथे काकांची ती गच्चीवर जाणारी ओळ होती, आणि तिला मोकळं सोडायला म्हणूनच खालचे गप्प बसत होते. माझ्या जन्मापासून मी ऐकत आलेल्या त्या पडेल चालीला एकदम अर्थ आला. हातात पोळीचं पीठ होतं, ते तसंच घेऊन मी उभी राहिले.

संपल्यावर बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "परत लाव."

सरकारांचीच आज्ञा असल्यासारखी सलामी दोनदा वाजली, चारदा वाजली. पाचव्यांदा बाबा हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. "दादा सांगायचे, 'हे माझं शेकन.' मला वाटायचं, गाण्याचं नाव. अरे, मी साठ वर्षं अर्धंच गाणं म्हणतोय! आणि त्या भल्या माणसाला सांगतोय की तुमचं चुकीचं आहे!"

त्यांनी लगेच काकांना फोन लावला. व्हॉइस मेसेज नाही, फोन. "तुम्ही बरोबर आहात," बाबा म्हणाले, "आणि मीपण. दुपारी घरी आहात का?"

काका मुलाकडे राहतात, आमच्यापासून गाडीनं दहा मिनिटांवर. सगळा प्रकार ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. मग दोघं सोफ्यावर शेजारी बसले आणि प्रत्यक्ष म्हणायला लागले. लॅपटॉपवर जे सोपं होतं ते समोरासमोर महाकठीण निघालं. काकांची चाल ऐकली की बाबा शेकन सोडून तिच्या मागे जायचे. लेक समोर उभी राहून हात हलवत होती, "आजोबा, नो! डोंट फॉलो हिम!" सातव्या की आठव्या वेळेला जमलं. काकांच्या सूनबाई ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या.

बाबांनी काकांना विचारलं, "तुम्हाला आठवतात का आमचे दादा? दुसऱ्या रांगेत असायचे."

काका म्हणाले, "खोटं कशाला बोलू? चेहरे नाही आठवत. लाल डगले आठवतात. आणि आम्हाला बँडवाड्यात जायला बंदी होती. तालीम ऐकायला मी ओढ्याच्या पुलापर्यंत यायचो. त्याच्या पुढे कधी आलो नाही." मग हळूच म्हणाले, "यायला हवं होतं."

"तुम्ही दहा वर्षांचे होतात," बाबा म्हणाले. "घ्या, लाडू घ्या."

काकांच्या डोक्यातून मात्र आता दसरा जाईना. मंडळाचा कार्यक्रम एका मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात होणार होता. तिथे सलामी व्हायलाच हवी, असं त्यांनी ठरवून टाकलं. माझ्या लेकीनं दोन्ही ओळी कागदावर उतरवल्या आणि बँडमधले मित्र जमवले: ट्रम्पेट, ट्रोम्बोन, ड्रम आणि ती स्वतः. खालच्या जाड स्वरांची ओळ कुणालाच आठवत नव्हती. ट्रोम्बोनवाल्या मुलीनं ती स्वतःच रचली. तिचे आईवडील कोरियाचे. आमच्या संस्थानाच्या इतिहासात त्या घराण्याची ही भर.

एका गोष्टीवर अडलं. काका बाबांना म्हणाले, "तुम्हीही शब्द म्हणा माझ्याबरोबर."

"शब्द मी म्हणणार नाही," बाबा म्हणाले. "चंद्रसूर्य असेपर्यंत सरकार जगोत, हे माझ्या तोंडून येणार नाही. राग मानू नका. आमच्या ओळीत शब्द नव्हतेच, ते बरंच होतं."

काकांचा चेहरा पडला. दोन दिवस त्यांचा मेसेज नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आला. "विचार केला. सरकार गेले, त्यांचे चंद्रसूर्य आहेत तिथे आहेत. शब्द नकोत. मी ला ला म्हणतो. तसंही तिसरं कडवं मला येत नाही."

दसऱ्याच्या कार्यक्रमात लहान मुलांचे नाच, एक नाट्यछटा आणि लकी ड्रॉ यांच्या मध्ये आमची सलामी झाली. ड्रमवाल्या मुलानं आठ ठोके दिले आणि ट्रम्पेट चढायला लागलं. काका ताठ उभे राहून "ला ला" म्हणत होते. बाबा खुर्चीवर बसले होते, माझ्या लेकीच्या शेजारी. तिनं त्या दिवशी शेकन वाजवायचं ठरवलं होतं, आणि दोघंही एकाच लयीत पाय आपटत होते. मिनिटभरात संपलं. कुणाला कळलंच नाही की संपलं. मागून एक गृहस्थ म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच," काका म्हणाले, "म्हणून परत वाजतं!" आणि मुलांनी परत सुरू केलं. या खेपेला लोकांनी ठेका धरला. राजासाठी लिहिलेल्या गाण्यावर व्हर्जिनियातल्या कॅफेटेरियात दीडशे माणसं टाळ्या वाजवत होती, आणि सगळ्यात पुढे माझे बाबा मान डोलवत, डोळे मिटून, पं पंपं.

बाबा परत गेले ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. जाण्याआधी काका निरोप द्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, "एक काम करा. मला तुमची ओळ शिकवा."

"आता? या वयात?"

"शाळेत घेतलं नाही तुमच्या वडिलांना. तुम्ही मला घ्या."

बाबांनी घेतलं. आता दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर क्लास असतो. विद्यार्थी मठ्ठ आहे, असं बाबांचं मत. चार स्वर झाले की चालीकडे घसरतो आणि वर चढून बसतो. बाबा रागावतात, काका माफी मागतात, पुन्हा सुरू. मागच्या आठवड्यात काकांच्या सूनबाईंचा मला फोन आला. "अगं, आमचे बाबा हल्ली दिवसभर ते पं पंपं करत असतात. भाजी चिरताना, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये सुद्धा. त्याला काही चालच नाही गं! काय करू?"

"तुम्ही वरची चाल म्हणा त्यांच्याबरोबर," मी म्हणाले.

"मला कुठे येते?"

"लेकीला सांगते, पाठवेल."

रात्रीपर्यंत सूनबाईंचा व्हॉइस मेसेज आला होता. बेसूर, हसत हसत, आणि मागे काका.